१४ वर्षे उभी असलेली येझदी पुन्हा रस्त्यावर आणायची असेल तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडिलांची १९८१ सालची येझदी क्लासिक मोटारसायकल २०११ पासून तासगावच्या घराच्या पडवीत उभी आहे. वडील २०१९ मध्ये गेले. आता किक खाली जात नाही, आरसी बुक वडिलांच्याच नावावर आहे आणि त्याची मुदत केव्हाच संपली आहे. ज्या गॅरेजमध्ये तुम्ही विचारले, तिथे 'पूर्ण उघडून, रंग आणि क्रोमसकट नवी करून देतो' असे म्हणून एक मोठा आकडा सांगितला गेला. दिवाळीपर्यंत आईंना मागे बसवून जोतिबाला जाता यावे, अशी तुमची इच्छा आहे. सुरुवात कुठून करावी आणि तो खर्च योग्य आहे का, हे तुम्हाला जाणून घ्यायचे आहे.

कोल्हापुरात तीस वर्षांहून अधिक काळ मी जावा आणि येझदीची कामे करतो आहे, आणि या काळात अर्धवट सोडलेल्या जितक्या गाड्या माझ्याकडे आल्या, त्यांतील बहुतेकांचा रंग उत्तम होता. टाकी चकाकत असते, मडगार्डवर आरशासारखे क्रोम असते आणि इंजिन मात्र पोत्यात सुटे बांधून आणलेले असते. कारण असे की, गाडी चालती करणे आणि गाडी नव्यासारखी दिसेल अशी करणे ही दोन वेगवेगळी कामे आहेत, आणि ती एकत्र सुरू केली की दिसणारे काम आधी होते व पैसे तिथेच संपतात. म्हणून तुमचा खरा प्रश्न खर्चाचा नसून क्रमाचा आहे, असे मला वाटते. क्रम बरोबर ठेवला तर खर्च टप्प्याटप्प्याने समोर येतो आणि कोणत्याही टप्प्यावर थांबता येते.

पहिला टप्पा कागदांचा आहे. पाना हातात घेण्यापूर्वी गाडीची नोंदणी जिवंत आहे की नाही, ते पाहा. १९८१ ची गाडी म्हणजे तिचा नंबर जुन्या मालिकेतला, तीन अक्षरे आणि पुढे आकडे अशा पद्धतीचा असणार. 'एमएच' आणि जिल्ह्याचा क्रमांक ही पद्धत मोटार वाहन कायदा, १९८८ लागू झाल्यानंतरची आहे. अशा जुन्या नंबरांच्या नोंदी पुष्कळदा आरटीओच्या जाड रजिस्टरांतच राहिलेल्या असतात आणि 'वाहन' या संगणकीय प्रणालीत दिसत नाहीत. तुमचा नंबर तिथे दिसला तर उत्तमच. दिसला नाही तर घाबरू नका, मूळ आरसी बुक घेऊन सांगलीच्या कार्यालयात जा आणि बॅकलॉग नोंद, म्हणजे रजिस्टरातील जुनी नोंद संगणकात चढवून घेण्याविषयी विचारा. नोंदणी रद्द झालेली निघाली, तर मात्र रस्त्यावर आणण्याचा विचार तिथेच थांबवावा लागतो, आणि ते इंजिनावर पैसे घालण्यापूर्वी कळलेले बरे.

नोंद सापडली की पुढची कामे दोन. वारसाच्या नावावर गाडी करण्यासाठी नमुना ३१ चा अर्ज असतो. त्यासोबत वडिलांचा मृत्यू दाखला आणि आई व भावंडे यांची संमती लागते. मालकाच्या मृत्यूनंतर ३० दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत अर्ज करावा, असे नियम सांगतो. तुमच्या बाबतीत ती मुदत गेलेली असल्यामुळे दंड भरावा लागेल. दुसरे काम नोंदणीच्या नूतनीकरणाचे, नमुना २५ चे. खासगी दुचाकीची नोंदणी पहिली १५ वर्षे चालते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांवरील दुचाकींसाठी हे शुल्क २,००० रुपये केले. त्याखेरीज उशिराच्या प्रत्येक महिन्यासाठी ३०० रुपये विलंब शुल्क आणि राज्याचा पर्यावरण कर येतो. विलंबाची रक्कम कोणत्या तारखेपासून मोजली जाणार, हे कार्यालयात लेखी आकडा काढून घेऊनच समजून घ्या, कारण तुमच्या एकूण अंदाजपत्रकात हा भाग किरकोळ नाही.

विंटेज नोंदणीविषयी कोणी तुम्हाला सुचवील, म्हणून तेही सांगतो. २०२१ मध्ये आलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात असलेल्या गाड्यांना 'व्हीए' अक्षरांची वेगळी नंबरप्लेट मिळते. तुमची गाडी त्या वयाला २०३१ मध्ये पोहोचेल. शिवाय ती नोंदणी घेतलेली गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, दुरुस्ती अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. ज्यांना गाडी वापरायची आहे, त्यांनी साधी नोंदणीच चालू ठेवावी, असे माझे मत आहे.

कागदांच्याच संदर्भात एक काम आजच करा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर कोरड्या फडक्याने पुसा, त्यांवर पातळ कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घ्या, मोबाइलवर स्पष्ट छायाचित्रे काढा आणि आरसीवरील आकड्यांशी एकेक अंक ताडून पाहा. जुन्या गाड्यांत कधीकाळी इंजिन बदललेले असते आणि घरच्यांना ते माहीतही नसते. पुढे रंगाचे काम निघाल्यावर सँडब्लास्टिंग करणाऱ्याला त्या जागेवर जाड चिकटपट्टी लावायला सांगा. चेसिसच्या नंबरावर पावडर कोटिंगचा जाड थर बसून अंक बुजल्याचे मी पाहिले आहे. तपासणीच्या वेळी अंक वाचता आले नाहीत की छेडछाडीचा संशय येतो, आणि तो दूर करायला मालकाला फार त्रास होतो.

आता गाडीकडे वळू. बहुतेक लोक विचारतच नाहीत असा एक प्रश्न आहे: २०११ मध्ये ती थांबली कशामुळे? मालक आजारी पडला, नवी गाडी घेतली, अशी कारणे आपण सांगतो. पण दुचाकी सहसा एखादी दुरुस्ती पुढे ढकलता ढकलता उभी राहते. आईंना विचारा, शेजाऱ्यांना विचारा, वडील ज्यांच्याकडे गाडी नेत ते मिस्त्री अजून असतील तर त्यांना जाऊन भेटा. 'चढाला ताकद लागत नव्हती', 'धूर फार येत होता', 'गरम झाली की बंद पडायची' अशा एका वाक्यावरून मला पुष्कळदा अर्धे निदान मिळाले आहे. चढाला ताकद न लागणे म्हणजे सायलेन्सर कार्बनने तुंबलेला असू शकतो, गरम झाल्यावर बंद पडणे म्हणजे ठिणगीच्या यंत्रणेतील कंडेन्सर किंवा कॉइल, आणि धुराविषयी पुढे सविस्तर सांगतो. गाडीविषयी वडिलांचे असे एखादे वाक्य आठवले तर ते लिहून ठेवा.

किक खाली जात नाही, यासाठी प्रथम एक विनंती: तिच्यावर उभे राहू नका आणि दुसऱ्या कोणालाही उभे राहू देऊ नका. येझदीचा गिअरचा दांडा आत दाबून फिरवला की तोच किक होतो, हे तुम्हाला माहीत असेलच. त्यामुळे किकची दाती तुटली तर काम गिअरबॉक्सपर्यंत जाते. प्लग काढा आणि त्या भोकातून रॉकेल किंवा डिझेल आणि पातळ ऑइल समप्रमाणात मिसळून अर्धी वाटी ओता. प्लगचे भोक स्वच्छ फडक्याने बंद करा आणि चार दिवस गाडीला हात लावू नका. चार दिवसांनी उजवीकडचे कव्हर काढून डायनॅमोच्या मधल्या बोल्टवर पाना बसवा आणि मनगटाच्याच जोराने, आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या, अगदी थोडे थोडे हलवून पाहा; बोल्ट स्वतःच सैल होऊ लागला तर तिथेच थांबा. सुटायच्या वेळी प्रथम केसाएवढी हालचाल होते आणि सिलिंडरमधून एक बारीक करकर ऐकू येते. तिथे जोर वाढवू नका. पुन्हा ऑइल घाला आणि आणखी एक दिवस द्या. माझ्या अनुभवात पडवीत, म्हणजे छपराखाली उभ्या असलेल्या गाड्या बहुधा आठवड्याभरात सुटतात. उघड्यावर पावसात राहिलेल्यांचे सिलिंडर मात्र अनेकदा काढावे लागते.

पिस्टन सुटला आणि मग ठिणगीही आली, की गाडी लगेच चालू करून पाहण्याचा मोह होतो. तो आवरण्याचे कारण समजून घ्या. येझदीचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ६५ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ७५ मिलिमीटर, म्हणजे सुमारे २४९ सीसी. यात क्रँकला, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली हालचालीने फिरणाऱ्या दांड्याला, वेगळे ऑइल मिळत नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल क्रँककेसमधून जाते आणि जाता जाता बेअरिंगांना भिजवते. गाडी १४ वर्षे उभी राहिली की पेट्रोल उडून जाते, ऑइलचा पापुद्रा वाळतो आणि दमट हवेत बेअरिंगांवर गंज धरतो. शिवाय क्रँकच्या दोन्ही टोकांची रबरी ऑइल सील कडक होतात, आणि टू-स्ट्रोकमध्ये या सीलांवर इंजिनाचा जीव अवलंबून असतो, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

डावीकडे प्रायमरी चेन (इंजिनाची ताकद क्लचकडे नेणारी) आणि क्लच असतात, आणि तिथले ऑइल व गिअरबॉक्सचे ऑइल एकच असते. डावे सील गेले की इंजिन ते ऑइल ओढून घेते. दाट पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधील ऑइलची पातळी कारण न कळता उतरत राहते. हा दोष निदान दिसतो तरी. उजवीकडे, डायनॅमोच्या बाजूला, सील गेले की इंजिन तिथून हवा ओढते. धूर येत नाही, ऑइल गळत नाही, उलट गाडी काही काळ चांगली पळते, कारण मिश्रण पातळ झालेले असते, म्हणजे त्यात हवा जास्त आणि पेट्रोल कमी असते. आणि मग पिस्टन जाम होतो.

हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. धंद्याच्या पहिल्या काही वर्षांत एका गृहस्थांच्या येझदीचे मी बोअर करून, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करून, नवा पिस्टन बसवला आणि डायनॅमोकडचे सील बाहेरून बरे दिसते म्हणून तसेच ठेवले. गाडी बारा किलोमीटर गेली आणि मागचे चाक लॉक झाले. सुदैवाने रस्ता मोकळा होता आणि त्यांनी क्लच दाबला. सिलिंडर उचलले तेव्हा नव्या पिस्टनच्या एका बाजूला ॲल्युमिनियम कणकेसारखे पसरलेले होते, खालची रिंग त्यात गाडली गेली होती आणि प्लगचे टोक खडूसारखे पांढरे होते. सील बोटांत धरून वाकवले, तर त्याची कड मोडली. त्या दिवसापासून १० वर्षांहून जास्त उभी असलेली कोणतीही टू-स्ट्रोक गाडी मी सील बदलल्याशिवाय चालू करत नाही, मालक कितीही घाईत असला तरी.

म्हणून 'पूर्ण उघडावे लागेल का' या तुमच्या उपप्रश्नाचे उत्तर असे आहे की, इंजिन उघडावेच लागेल, पण म्हणून आतले सगळे बदलावे लागेल असे नाही. सिलिंडर काढल्यावर कनेक्टिंग रॉड (पिस्टन आणि क्रँक यांना जोडणारा) सर्वांत वरच्या स्थितीत आणा, दोन्ही हातांनी धरा आणि सरळ वर-खाली ओढून पाहा. बाजूला थोडी हालचाल असणे स्वाभाविक आहे; वर-खाली मात्र 'टक' असा जरासाही आवाज आला तर रॉडचे बेअरिंग गेले. तसे असेल तर क्रँक प्रेसवर सोडवून नवे रॉड किट बसवावे लागते आणि मग क्रँक व्ही-ब्लॉकच्या आधारावर ठेवून, डायल गेज (बारीक हालचाल सुईने दाखवणारे मापक) लावून सरळ करावा लागतो. हे काम लेथवाल्याच्या अनुभवावर अवलंबून आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात हे करणारे चांगले कारागीर आहेत, आणि तासगावहून ते अंतर तुम्हाला जड नाही. काम झाल्यावर डायल गेजवर क्रँक तुमच्या समोर फिरवून दाखवायला सांगा, सुई ०.०३ मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर मी तो क्रँक परत करतो.

सिलिंडरच्या बाबतीत दोन गोष्टी सांगतो. पिस्टन हातात आल्याशिवाय बोअर करू देऊ नका. पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी मोठे मिळतात, पण म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाल्यानंतर बाजारात जे पिस्टन येतात, त्यांची मापे डब्यावर छापलेल्या आकड्याशी नेहमी जुळतातच असे नाही. पिस्टन मायक्रोमीटरने मोजायचा आणि बोअर त्याच्या मापाने करायचे. दुसरी गोष्ट, बोअर झाल्यावर सिलिंडरमधील पोर्टच्या (वायू आत-बाहेर जाण्याच्या भोकांच्या) कडा ब्लेडसारख्या धारदार राहतात. त्या बारीक दगडाने किंवा पॉलिश पेपरने हलक्या हाताने गोल करून घ्याव्या लागतात, नाहीतर रिंग त्या कडेला अडकून तुटते. बोअर करणारा हे करतोच असे गृहीत धरू नका. सिलिंडर घरी आणल्यावर बोट आत घालून स्वतः पाहा. पिस्टन रॉडला जोडणाऱ्या गजन पिनची क्लिप जुनी पुन्हा वापरू नका. तिची किंमत चहाएवढीही नसते आणि ती निसटली तर सिलिंडर जातो.

सुट्या भागांविषयी तुम्हाला चिंता वाटते, ते समजण्यासारखे आहे. पुण्यात नाना पेठेत आणि दिल्लीत करोल बागेत जुन्या दुचाकींचे भाग अजून मिळतात. २०१८ नंतर बाजारात आलेल्या नव्या जावा आणि २०२२ नंतरच्या नव्या येझदी या पूर्णपणे वेगळ्या, फोर-स्ट्रोक गाड्या आहेत. त्यांचे इंजिनाचे भाग तुमच्या गाडीला चालणार नाहीत. जुलैच्या दुसऱ्या रविवारी जावा-येझदीवाले ठिकठिकाणी एकत्र जमतात. तिथे एकदा जा, कारण कोणता भाग कोणाकडचा खरा आणि कोणाकडचा हलका, हे त्या मंडळींना दुकानदारापेक्षा चांगले ठाऊक असते. आणि तुमच्या गाडीवरून निघालेला कोणताही मूळ भाग, तो कितीही झिजलेला असला तरी, नवा बसून ५०० किलोमीटर होईपर्यंत टाकून देऊ नका. जुना भाग शेजारी ठेवला की नव्यातली खोट लगेच दिसते.

टाकीचे काम इंजिन बाहेर असतानाच उरकून घ्या. आत टॉर्च धरून पाहा. तांबडी भुकटी असेल तर मूठभर नट आणि व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिडचे पाणी घालून दिवसातून चार-पाचदा हलवत दोन दिवस ठेवा, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच पूर्ण वाळवा आणि आतून ऑइल फिरवा. वाळवायला उशीर केला तर त्याच संध्याकाळी पुन्हा गंज चढतो. भोक निघाले तर मात्र टाकी सरळ वेल्डिंगला देऊ नका. वर्षानुवर्षे रिकामी असलेल्या टाकीतही पेट्रोलची वाफ राहते आणि ती पेटते. धुणे, पाणी भरणे आणि अशा कामाची माहिती असलेल्या माणसाकडूनच सांधणे, याला पर्याय नाही. पेट्रोलचा पाइप आणि कॉकची रबरे नवी घ्या. हल्ली पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते आणि जुनी रबरे त्यात फुगतात. इथेनॉल हवेतील ओलावाही ओढून घेते, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करा. इथेनॉलमुळे मिश्रणही थोडे पातळ पडते. प्लग पांढरट दिसला तर कार्ब्युरेटरमधील मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोक) एक क्रमांकाने मोठा करावा लागतो. माझ्याकडच्या बहुतेक येझदींना तो करावा लागला आहे, पण तुमच्या गाडीचा निर्णय तुमच्या प्लगच्या रंगावरून घ्या.

वायरिंगविषयी मते वेगवेगळी आहेत. ही ६ व्होल्टची गाडी आहे आणि तिचा दिवा मंद असतो, हे खरे. पण मी पाहिलेल्या मंद दिव्यांपैकी पुष्कळांचे कारण गंजलेली अर्थिंगची जोडणी हेच होते. चेसिसवरील अर्थिंगची जागा घासून स्वच्छ करा, वायर नवी टाका, ठिणगीच्या यंत्रणेतील पॉइंट साफ करून ०.४ मिलिमीटरचे अंतर ठेवा, कंडेन्सर नवा घ्या आणि मगच १२ व्होल्ट करण्याचा विचार करा. रात्री महामार्गावर जाणार असाल तर १२ व्होल्ट करणे योग्य ठरेल. गावात आणि दिवसा चालवणार असाल तर मूळ व्यवस्था पुरते.

ब्रेक आणि टायर यांत मात्र मताला जागा नाही. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. तुमच्या टायरवर ०९ किंवा १० अशी वर्षे असतील तर नक्षी कितीही खोल दिसली तरी ते काढून टाका, कारण रबर कडक झाले की ओल्या रस्त्यावर ते धरत नाही. स्पोक टाकण्यापूर्वी रिम आतून, पट्टीखाली पाहा. बाहेरून क्रोम चांगले दिसते आणि आत निपलच्या भोकांभोवती पत्रा कुजलेला असतो. जुन्या ब्रेक शूंवरील लायनर गोंदापासून सुटलेले असू शकतात, म्हणून तेही नवेच घ्या. ड्रममधील धूळ फुंकर मारून किंवा कॉम्प्रेसरने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे आणि ते फुप्फुसांना घातक आहे. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

इथपर्यंत आलात की गाडी चालती झाली आणि रंगाला अजून हातही लागलेला नाही. विमा, पीयूसी आणि उच्च सुरक्षा नंबरप्लेट ही कामे याच स्थितीत करून घ्या. ३१ मार्च २००० पर्यंत बनलेल्या दुचाकींसाठी पीयूसीची मर्यादा कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएम अशी आहे, आणि सील व कार्ब्युरेटर नीट असलेली येझदी तिच्यात बसते. चाचणीपूर्वी दहा-पंधरा किलोमीटर चालवून जा. सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑइल जळून गेले नाही तर चांगल्या इंजिनाचाही आकडा वाढतो.

आता गॅरेजने सांगितलेल्या खर्चाविषयी. तो योग्य आहे की नाही, हे इंजिन उघडल्याशिवाय मी सांगू शकत नाही, आणि न उघडता ज्यांनी सांगितला त्यांनाही ते ठाऊक असणे शक्य नाही. त्यांच्याकडून आकडा तीन भागांत लिहून मागा: एक, इंजिन आणि गिअरबॉक्स; दोन, चाके, ब्रेक, केबली आणि वायरिंग; तीन, रंग आणि क्रोम. माझ्या वहीत अनेक गाड्यांच्या बाबतीत तिसरा भाग पहिल्याइतका किंवा त्याहून मोठा आहे, आणि नेमका तोच भाग तुम्हाला वर्षभर पुढे ढकलता येतो. आधी रंग केला तर पुढे प्रत्येक वेळी इंजिन उतरवताना पाना त्यावर घासतो आणि पेट्रोल त्यावर सांडते, हे वेगळेच.

रंगाविषयी आणखी एक बोलायचे आहे. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात टाकीच्या डाव्या बाजूला, गुडघा टेकतो तिथे, रंग झिजून पत्रा दिसतो आहे आणि सोनेरी रेघ तेवढ्या जागी पुसली गेली आहे. ती झीज तुमच्या वडिलांच्या गुडघ्याची आहे. पत्रा कुजलेला नसेल, तर मी ती टाकी मेण लावून तशीच ठेवली असती. लांबी (पुट्टी) भरून नवा रंग केव्हाही देता येतो. ती खूण मात्र एकदा घासली की परत आणता येत नाही. हा निर्णय तुमचा आणि आईंचा आहे, त्यांना विचारल्याशिवाय टाकी रंगाला देऊ नका.

दिवाळीचे म्हणाल, तर यंत्राचे काम त्या वेळात होऊ शकेल. आरटीओचे होईल की नाही ते तुमच्या नोंदीच्या स्थितीवर आहे, म्हणून कागदांचा अर्ज याच आठवड्यात द्या. नव्या बोअरनंतरचे पहिले ५०० किलोमीटर ताशी ४५ च्या पुढे जाऊ नका, एकाच वेगात फार वेळ चालवू नका आणि मागे कोणालाही बसवू नका. या काळात पेट्रोलच्या दर लिटरला ५० मिलिलिटर टू-टी (टू-स्ट्रोकचे) ऑइल घाला, नंतर ४०. 'जास्त ऑइल म्हणजे जास्त सुरक्षित' हा समज चुकीचा आहे. ऑइल वाढले की तेवढेच पेट्रोल कमी जाते आणि मिश्रण पातळ होते. ५०० किलोमीटरनंतर गिअरबॉक्सचे ऑइल बदला, हेडचे नट थंड इंजिनावर पुन्हा कसा आणि प्लग काढून पाहा. टोक बिस्किटाच्या रंगाचे दिसले तर आईंना मागे बसवायला हरकत नाही.

जोतिबाचा चढ येझदीला जड नाही, सावकाश दुसऱ्या गिअरमध्ये न्या. काळजी घ्यायची ती उतरताना. टू-स्ट्रोक गाडी थ्रॉटल बंद ठेवून गिअरमध्ये उतारावर सोडली की इंजिन वेगाने फिरत राहते, पण पेट्रोल येत नसल्यामुळे ऑइलही येत नाही, आणि नवा पिस्टन अशाच वेळी धरतो. म्हणून उतरताना दोन्ही ब्रेक वापरा, दर थोड्या अंतराने क्लच दाबून थ्रॉटल जरासा उघडा म्हणजे इंजिनाला ऑइलचा घोट मिळत राहील, आणि डाव्या हाताची दोन बोटे सतत क्लचवर असू द्या.